भाऊजींनी कुलूप घातलेलं चॅनल

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, टीव्ही दुरुस्त करतात. तळमजल्यावर त्यांचं दुकान, पहिल्या मजल्यावर त्यांचा संसार आणि दुसऱ्यावर मी. त्यामुळे त्यांचा आवाज मला सदैव खालून येतो. गेली कित्येक वर्षं तो एकच गोष्ट सांगतोय. बातम्यांचं ते सगळ्यात मोठं चॅनल विकलं गेलंय.

माणूस कामाला चोख, यात वाद नाही. टीव्ही उघडला की आधी मऊ ब्रशने धूळ झाडणार, बदललेला भाग गिऱ्हाइकाच्या हातात ठेवणार, आणि "हा खराब झाला होता बरं का," असं इतक्या दुःखाने सांगणार की गिऱ्हाइकालाच वाईट वाटावं. पण संध्याकाळच्या बातम्या लागल्या की हाच माणूस पार बदलतो.

"आमच्याच सभेत कॅमेरा रिकाम्या खुर्च्यांवरून का फिरतो?" त्यांनी एकदा मला विचारलं.

"खुर्च्या रिकाम्या होत्या म्हणून," मी म्हटलं.

त्यानंतर माझा रिमोट दुरुस्त व्हायला महिना लागला.

शेजारच्या गाळ्यात शिंपी. तो दुसऱ्या पक्षाचा. त्याचंही ठाम मत की तेच चॅनल विकलं गेलंय, फक्त ते भाऊजींच्या पक्षाला. एकच बातमी, एकच निवेदिका, आणि दोघं एकाच वेळी तिच्यावर खवळायचे. चॅनल विकलंय यावर दोघांचं एकमत होतं, भांडण होतं ते घेतलं कुणी यावर. मी जिन्यावर उभी राहून ऐकायची. त्यापुढे कुठल्याही चॅनलवरची करमणूक फिकी.

शिंपी मात्र नुसता बोलायचा. भाऊजींच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. कुणाच्याही घरी दुरुस्तीला गेले की निघण्यापूर्वी ते गुपचूप त्या चॅनलला चाइल्ड लॉक लावून यायचे. लहान मुलांनी नको ते बघू नये म्हणून जी सोय असते, ती त्यांनी मोठ्यांवर वापरली. कुलपाचा नंबर फक्त त्यांनाच ठाऊक. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "वरूनच बंद आहे, तांत्रिक अडचण." एकेक करून अख्ख्या वस्तीत ते चॅनल दिसेनासं झालं. शिंप्याच्या घरीसुद्धा, आणि शेवटी दुकानातल्या टीव्हीवरही. शिंप्याला वाटायचं, सरकारनेच बंद पाडलं, आणि त्यावरून तो भाऊजींशीच भांडायचा. भाऊजी शांतपणे ऐकून घ्यायचे.

हे फक्त आम्हा घरच्यांना माहीत होतं. "हे बरं नव्हे," असं ताई म्हणाली की त्यांचं उत्तर ठरलेलं. "औषध काय विचारून देतात?"

आणि अशा या माणसाच्या मुलीने लग्न कुणाशी ठरवावं? एका दुपारी भाची वर माझ्याकडे आली, दार लावलं आणि म्हणाली, "मावशी, तो त्या चॅनलमध्ये आहे."

"बातम्या देतो?"

"नाही गं. मेकअप करतो. जे जे कॅमेऱ्यासमोर बसतात, त्या सगळ्यांना पावडर लावतो."

मी कपाळाला हात लावला. पोरगी हसत सांगत होती, पण दाराची कडी तिने पुन्हा एकदा तपासली. बाबा नाही म्हणाले तर ती पळून जाणाऱ्यातली नव्हती. गप्प बसून झुरणाऱ्यातली होती, आणि मला त्याचीच भीती वाटली.

मुलगा घरी आला. सरळ, किडकिडीत, बोटं स्वच्छ. चहा होईपर्यंत सगळं ठीक होतं. मग भाऊजींनी नोकरी विचारली आणि त्याने खरं ते सांगितलं. भाऊजींनी कप खाली ठेवला.

"आमच्या नेत्यांचा चेहरा तुमच्याकडे नेहमी आजारी का दिसतो?"

"ते पावडर लावू देत नाहीत," मुलगा म्हणाला. "म्हणतात, जनतेला माझा खरा चेहरा दिसू दे."

"आणि त्या दुसऱ्यांचा बरा चकाकतो?"

"ते घरूनच लावून येतात. मी त्यावर आणखी थोडी लावतो, नाहीतर दिव्यात चमकतात."

मला हसू आवरेना, म्हणून मी बशा उचलून आत गेले. बाहेर भाऊजींचा आवाज चढला. विकलेल्या लोकांच्या घरी मुलगी देणार नाही, म्हणाले. मुलगा मान खाली घालून म्हणाला, "मी पगारी आहे हो, विकलेला नाही."

मग त्यानेच वाट काढली. चॅनलवर प्रेक्षकांना बोलवायचा एक कार्यक्रम होता, आणि या वेळचा विषय होता 'आमच्या बातम्या एकतर्फी असतात का?' "तुम्हीच या," तो म्हणाला. "जे आहे ते त्यांच्या तोंडावर सांगा."

"कापतील."

"आणि नाही कापलं तर?"

भाऊजी अडकले. सगळ्यांच्या देखत त्यांना म्हणावं लागलं, "एक शब्दही कापला नाही, तर लग्नाला माझी ना नाही." भाचीने माझ्याकडे पाहिलं. पोरीचं सगळं आयुष्य आता कुण्या संपादकाच्या कात्रीवर लटकलं होतं.

भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि विजयी होऊन परतले. "असं सुनावलंय," म्हणाले, "की पाणी मागावं लागलं." पाणी कुणी मागितलं, ते सांगितलं नाही. कार्यक्रम रविवारी संध्याकाळी दाखवणार होते. भाऊजींनी वस्तीत एकालाही सोडलं नाही. दूधवाल्यापासून पक्षाच्या मंडळींपर्यंत सगळ्यांना सांगून झालं. रविवारी सकाळी शिंप्याने दुकानात डोकावून विचारलं, "बघायचं कुठे? ते चॅनल तर बंद आहे ना?"

भाऊजींचा चेहरा मी वरून पाहिला. त्याला कुठलीच पावडर पुरली नसती.

मग तो दिवस त्यांनी दारोदार फिरण्यात घालवला. रिमोट मागायचा, टीव्हीकडे तोंड करून नंबर दाबायचा, "अडचण दूर झाली" म्हणायचं आणि निघायचं. पहिल्या काही घरांत जमलं. मग लोकांच्या लक्षात आलं की ही तांत्रिक अडचण भाऊजींच्या पावलांनी येते आणि जाते. शिंपी तर दाराशीच आडवा आला. "म्हणजे सरकार तुम्हीच होतात होय?" एका घरच्या आजीबाईंनी मात्र रिमोट पदराखाली घेतला. म्हणाल्या, "राहू दे कुलूप. घरात दोन वर्षं भांडण नाही."

संध्याकाळी आम्ही सगळे त्यांच्याकडे जमलो. मुलगाही आला होता, दाराजवळच्या स्टुलावर बसला. शिंपी आगंतुकासारखा येऊन सगळ्यात चांगली खुर्ची अडवून बसला. भाऊजी पडद्यावर आले, आणि ताई नकळत म्हणाली, "अगं बाई, किती छान दिसताहेत." खरंच छान दिसत होते. गालावर तकाकी, डोळ्यांखालची काळजी पुसलेली. ते बोलू लागले. रिकाम्या खुर्च्यांबद्दल बोलले. मग पूर्वीचे टीव्ही किती वजनदार असत, त्याबद्दल. मग पुन्हा खुर्च्यांबद्दल. एक शिंक आली, तीही दाखवली. मुद्दा विसरले, तो आठवेपर्यंतची शांतताही दाखवली. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं ते अखंड चाललं होतं, आणि चॅनल मुकाट्याने दाखवत होतं.

भाऊजी खुर्चीत चुळबुळायला लागले. "हे इतकं का दाखवताहेत?" ते पुटपुटले. "इथे थांबवायला हवं होतं. ही शिंक तरी..."

कार्यक्रम संपला. मग भाऊजी ताडकन उठले. "पाहिलंत? मुद्दाम कापलं नाही. माझं हसं करायला. याला म्हणतात एकतर्फीपणा."

तेवढ्यात फोन वाजला. पक्षातले मित्र होते. एवढा वेळ त्या चॅनलने आपल्या माणसाला कसा दिला, आणि चेहऱ्यावर एवढं तेज कसं, असं ते विचारत होते. "त्यांच्यात गेलात की काय?" हे शब्द आम्हा सगळ्यांना ऐकू आले. भाऊजींनी फोन ठेवून दिला. त्यांना कुणी विकाऊ म्हणण्याची ती पहिलीच वेळ, आणि म्हणणारे त्यांचेच होते. मला त्यांची फार कीव आली. शिंप्यालाही आली असावी, कारण त्याने उठून टीव्ही बंद केला.

भाची उठली. तिचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता, तेव्हाही चढला नाही.

"बाबा, यांनी संपादकाच्या हातापाया पडून तुमचं एक वाक्य कापू दिलं नाही. शिंकसुद्धा नाही, कारण तुम्ही 'एक शब्दही' असं म्हणाला होतात. तुम्ही अख्ख्या वस्तीचं चॅनल कापलंत, आणि कुणाला विचारलं पण नाहीत."

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आणि आपल्यातलं मुसळ ही म्हण आपण उठताबसता वापरतो. पण मुसळ दिसल्यावर माणूस कसा दिसतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. भाऊजी त्या मुलाकडे वळले. मग म्हणाले, "शिंक कापली असतीत तर मी काही मोडता घातला नसता हो."

"घातला असतात," ताई आतून म्हणाली.

"घातला असता," भाऊजींनी कबूल केलं आणि मुलाला स्टुलावरून उठवून कोचावर आपल्या शेजारी बसवलं. भाची स्वयंपाकघरात गेली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मीही रडले, आणि मग चहा टाकला.

आता लग्नाला वर्ष होईल. भाऊजींचं मत बदललेलं नाही. चॅनल विकलेलंच आहे. फक्त रोज संध्याकाळी ते दुकानात तेच चॅनल लावतात, आवाज पूर्ण बंद करून. शिंपी कापड टाकून बघायला येतो. परवा दोन्ही पक्षांचे नेते समोरासमोर भांडत होते, आणि शिंपी दातओठ खात म्हणाला, "खोटं बोलतोय बघा तो."

"बोलू दे," भाऊजी म्हणाले. "तू पावडर बघ. तुमच्यालाही तेवढीच आणि आमच्यालाही तेवढीच, हल्ली लावून घेतो तोही. आमच्या जावयाचा हात आहे तो."