यादीतलं पहिलं गाव

“आपल्यापासून सुरू करू, साहेब,” असं म्हणून ते मनगटावरचं घड्याळ कानाला लावायचे, चालू असल्याची खात्री करायचे आणि आपल्याच गावाच्या लाइनचा खटका ओढायचे.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. नव्या पाट्या लागल्या, पाऊस काही आला नाही. निलंग्याच्या बाजूला एका सबस्टेशनवर ते ऑपरेटर होते आणि मी त्यांचा साहेब, म्हणजे वयाने निम्मा, अकलेने त्याहून कमी. वीज कमी पडली की कोणत्या गावाची किती वेळ बंद ठेवायची, ती यादी माझ्या सहीने निघायची. त्यांचं गाव त्यांनीच पहिलं लिहायला लावलं होतं.

दर वाढले म्हणून कुणी भांडायला आला की मी परिपत्रक दाखवायचो. ते त्याला बाकावर बसवून सांगायचे, “पाण्यावरची वीज स्वस्त पडती. कोयनेचं पाणी उतरलं की कोळसा जाळावा लागतो, तो महाग. आता स्वस्तातली सरली अन् महागातली पुरंना.” तरीही माणूस विचारायचाच, तुमच्या गावाला तर चोवीस तास असंल? मग ते यादी पुढे करायचे, आणि पहिलं नाव वाचून समोरच्याचा आवाज उतरायचा. तुम्ही कधी कचेरीत बसला असाल, तर असा माणूस हाताशी असणं किती सोयीचं, हे तुम्हाला सांगायला नको.

त्यांच्या गावाला पाणी एकाच बोअरचं, तेही विजेच्या मोटारीवर. बारा ते चार मोटार बंद. गावाने त्यांच्याशी बोलणं टाकलं, सख्ख्या भावानेही. एके दिवशी त्यांची म्हातारी आई रिकामी घागर घेऊन चालत आली आणि फाटकात बसली. त्यांनी तिला खुर्ची दिली, चहा पाजला आणि बाराच्या ठोक्याला खटका ओढला.

“जगाचं सोडून माझंच पाणी तोडतूस व्हय रं?”

“माय, तुझं तोडलं तरच दुसऱ्याला सांगायला तोंड राहतंय.”

ती घागर उचलून गेली. मग ते माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, “साहेब, आठवड्यातून एखादा दिवस गाव यादीत खाली घेता आलं तर बघा.” एवढ्या वर्षांत त्यांनी मला मागितलेली ही एकच गोष्ट.

मी बघतो म्हणालो. बघितलं नाही. त्यांच्या गावाच्या जागी ज्या गावाचं नाव घातलं असतं, ते गाव माझ्या दारात आलं असतं. मला त्याची भीती वाटली, दुसरं काही नाही.

त्याच उन्हाळ्यात ते छातीत कळ येऊन गेले. भर दुपारी त्यांना स्मशानात पोचवून आम्ही गावातल्या पाण्याच्या टाकीजवळ आलो. हातपाय धुवायला सगळे नळाशी उभे राहिले, तर नळ कोरडा. कुणीतरी पुटपुटलं. त्यांच्या भावाने उन्हाकडे पाहिलं आणि म्हणाला, “थांबा जरा. चारला येती लाईट. त्यानंच लावलेली वेळ हाय.”

ती वेळ आठवड्यातून एक दिवस तरी बदला म्हणूनही त्यांनीच सांगितलं होतं. पण हे मी तिथंही बोललो नाही. राखेचे पाय घेऊन चार वाजायची वाट बघत उभा राहिलो.