पास्कल सर आणि गाठीतली पकड

पास्कल सरांच्या कानाखाली मी एकदा जाळ काढला होता.
भर ग्राउंडवर. अख्ख्या टीमसमोर.

आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं. मला त्या थपडेचं अजून काडीचं वाईट वाटत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सर म्हणजे मुंबईत वाकोल्यातल्या आम्हा मुलींचे कबड्डीचे कोच. तिथल्याच गावठाणातले जुने कॅथलिक. तोंडाने शिव्या, हाताने गुद्दे. चढाई करणारीचा घोटा हातातून सुटला की पाठीत दणका बसलाच.

"एकदा धरलंस की सोडायचं नाही गं! हात तुटला तरी चालेल."

माझा खरंच तुटला, मनगटात. सरांना चालला.

मग त्यांच्या मानेला गाठी आल्या. आधी बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या. लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर. बायको आधीच गेलेली, मुलगा दुबईला. ओपीडीत त्यांच्यासोबत मी.

डॉक्टर मॅडमना सरांनी पहिलाच प्रश्न टाकला, "हे गाठीतच का घुसतं? एवढं अंग पडलंय ना!"

मॅडमनी नीट सांगितलं. या खराब पेशी रक्तातून सुसाट धावत असतात. पण त्यांच्या अंगावर चिकटणारे रेणू असतात आणि गाठीतल्या रक्तवाहिनीच्या भिंतीवर त्यांचे जोडीदार. पेशी आधी भिंतीला नुसती घासते, गडगडते, स्लो होते. मग घट्ट चिकटते. मग भिंतीतून आत. आत गेली की शेजारच्या पेशींना धरून बसते. तिथे तिला पोषण मिळतं, लपायला मिळतं.

सर खुर्चीतून अर्धे उठले. "म्हणजे आधी टच, मग घोट्याची पकड!"

"अगदी तसंच."

"मग नुसतं मारता कशाला? हात तोडा ना साल्यांचे!"

मॅडम हसल्या. "तेच करतोय. ही गोळी त्यांची पकड सोडवते. गाठी बसतील. पण नीट ऐका, आतून सुटलेल्या पेशी रक्तात येणार. रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशींचा आकडा वाढेल. घाबरून गोळी बंद करायची नाही. बाहेर पडल्या की त्या फार टिकत नाहीत."

सरांनी मान डोलावली. रेफरीपुढे डोलवायचे तशी. म्हणजे एक शब्द आत गेला नव्हता.

गोळी सुरू झाली आणि गाठी बसायला लागल्या. झकास! शर्टाचं वरचं बटण लागलं म्हणून सरांनी टीमला वडापाव खिलवला.

मग रक्ताचा रिपोर्ट आला. आकडा भसकन वर.

मला विचारलं नाही. मॅडमना फोन नाही. गोळ्यांचा डबा उचलला आणि नाल्यात भिरकावला.

मला कळलं ते ग्राउंडवर. सर शिट्टी वाजवत होते आणि मान परत सुजलेली. पहिल्यापेक्षा जास्त.

"सर, गोळी घेताय ना?"

"फेकली. वाट लावत होती माझी. एवढ्या पेशी वाढल्या, दिसत नाही तुला?"

तेव्हा माझा हात उठला.

मुली थिजल्या. शिट्टी मातीत पडली. सरांनी गाल चोळला आणि म्हणाले, "मनगट सैल आहे अजून तुझं."

मी ओरडत होते, रडत होते. "अहो, त्या वाढल्या नव्हत्या! गाठीतून हाकलल्या होत्या! पकड सुटली होती त्यांची, मरायला बाहेर पडल्या होत्या! सांगितलं होतं ना मॅडमनी!"

सर लाइनवरच खाली बसले.

"म्हणजे आपण जिंकत होतो?"

"हो सर."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला शिवी दिली नाही.

गोळी परत सुरू केली, पण रोग चवताळला होता. काखेत, जांघेत, घशात, जिथे धरता येईल तिथे धरलं त्याने. मग केमो. सरांनी सलाइन उपटली, स्टीलचं भांडं भिंतीवर फोडलं, वॉर्डबॉयची कॉलर धरली. मॅडमना म्हणाले, "अजून मारा. मला लागत नाही." खोटं बोलत होते. रात्रभर विव्हळायचे.

शेवटच्या दिवशी बोलता येत नव्हतं. माझं मनगट धरलं, तेच, तुटलेलं. असं करकचून की नर्सला बोटं एकेक करून सोडवावी लागली.

निळं पडलं होतं. मी रोज बघायचे. मग पिवळं झालं. मग गेलं.

मला ते जायला नको होतं.

रिपोर्टमधला आकडा बघून कोणी स्वतःच्या मनाने औषध फेकू नका रे. आधी विचारा. एका माणसाने विचारलं नाही. तो जिंकत होता.

आज संध्याकाळी चर्चमध्ये सरांच्या नावाने मिस्सा, म्हणजे प्रार्थना आहे. टीम किटमध्येच येणार. मातीने माखलेले पाय घेऊन.

या सर, भेटू. तुमच्या सगळ्या पोरींचा तुम्हाला शेवटचा नमस्कार.