फ्लेक्सवरचा दुसरा गोल

“तो ऑफसाइड न्हवता गड्या. आज बी सांगतो, न्हवता.”

वाक्य माझ्या पाठीमागच्या बाकावरून आलं. मी चहाच्या गाड्याशी उभी होते आणि कप तोंडाशी नेता नेता थांबले. रस्त्यापलीकडे निळे पत्रे ठोकलेले होते. त्या पत्र्यांच्या आत पूर्वी फुटबॉलचं स्टेडियम होतं. आता आत मोठा खड्डा आणि एक पोकलेन होता, आणि बाहेर पत्र्यांवर, पुढे होणाऱ्या दुकानांचं रंगीत चित्र.

“तुझ्या मते न्हवता. लाइनमनच्या मते होता,” दुसरा आवाज म्हणाला. “त्यानं झेंडा वर केला, विषय संपला.”

“त्या लाइनमनला दिसत तरी होतं काय?”

मी वळले नाही. वळून न बघता ऐकणं मला लहानपणापासून जमतं. कप मात्र खाली ठेवला, कारण तो लाइनमन म्हणजे माझे पप्पा होते.

सांगलीत नोकरीला येऊन तेव्हा मला तीनच महिने झाले होते. जन्म इथलाच, पण मी सात वर्षांची असताना पप्पांची बदली साताऱ्याला झाली आणि आम्ही तिकडचेच झालो. शाळा इंग्रजी माध्यमाची, मैत्रिणी मोजक्या. मराठीत चारचौघांत बोलायचं म्हटलं की मी वाक्य आधी मनात जुळवून घेते, आणि ते जुळेपर्यंत विषय बदललेला असतो. रविवारी संध्याकाळी खोलीवर करमत नाही म्हणून चहाला बाहेर पडायचे. त्या दिवसानंतर मी ठरवून त्याच गाड्यावर, त्याच वेळी जाऊ लागले.

बाकावर नेहमीचे तिघं असायचे. एक रिक्षावाले काका. त्यांच्या रिक्षाच्या पाठीवर मोठा ९ रंगवलेला होता. दुसरे लष्करातून निवृत्त झालेले फौजी काका, ताठ बसणारे. तिसरे अण्णा, गुळाचे व्यापारी, जैन. दिवस मावळायच्या आत त्यांचा चहा संपलेला असायचा, म्हणून गप्पांच्या मधेच ते आकाशाकडे बघायचे. तिघांनी बाकाचं तोंड पत्र्यांकडे करून घेतलं होतं. एकदा चहावाल्या मावशींनी तो सावलीला वळवला, तर अण्णांनी उठून परत फिरवला.

“आवं अण्णा, तिकडं बघायला काय हाय आता? खड्डा,” मावशी म्हणाल्या.

“खड्डा तर खड्डा. सवय झालीया.”

बसले की मग सुरू व्हायचं. स्टेडियमला तीन बाजूंनी दगडी पायऱ्या होत्या. दुपारी त्या इतक्या तापायच्या की उघड्या दगडावर बसणं अशक्य. अण्णा दुकानातली रिकामी पोती घेऊन यायचे आणि आपल्या ओळीला वाटायचे.

“गुळाची पोती ती,” फौजी काका सांगत होते. “हाफटाइमपतोर मुंग्या वर यायच्या. म्हणून आमची ओळ सारखी उठून उठून ओरडायची. समोरच्यास्नी वाटायचं, काय उत्साह हाय ह्यांचा.”

“पोतं फुकट पायजे, आन वर मुंग्या बी नकोत,” अण्णा म्हणाले.

फौजी काका सुट्टी फायनलच्या बेतानं टाकायचे आणि आईला भेटायला आलो म्हणून सांगायचे. आईही काही कमी नव्हती. स्टेशनवरून ते आधी कुठं जाणार हे ओळखून तिनं एकदा भाकरीचा डबा थेट पायऱ्यांवर पाठवला होता. अण्णा घरी सांगून यायचे की सौद्याला चाललोय. रविवारी सौदे नसतात हे त्यांच्या बायकोला लग्नाआधीपासून माहीत होतं. तिचे वडीलही व्यापारीच. तिनं कधी विचारलं नाही, फक्त ते घरी आले की म्हणायची, “कुणाचा माल खपला? आपला का मिरजेचा?” माइकवरचा माणूस तर असा होता, की गोल झाला तरी आधी हरवलेली चप्पल सांगायचा, मग गोल.

हे सगळं ऐकताना मी चहाच्या कपात बघत हसायचे. कारण मीही तिथं होते. पायऱ्यांवर नाही, पप्पा जिथं झेंडा घेऊन पळायचे त्या चुन्याच्या रेषेबाहेर, गवतावर, त्यांच्या बॅगेवर बसून. रविवारी आईचे शिवणाचे क्लास असायचे, म्हणून मला पप्पांबरोबर पाठवलं जायचं. खेळ मला फारसा कळत नव्हता. पप्पांचे बूट मात्र मी तासभर बघू शकायचे. ते तिरपे पळत, पायात पाय न अडकता, आणि मला वाटायचं की सगळी माणसं बॉल बघायला आलीत आणि मी एकटीच खरं कौशल्य बघतेय.

त्या फायनलला मिरजेची टीम समोर होती. स्कोअर एक-एक. मॅच संपायला थोडाच वेळ उरला होता आणि मला कधीची लागली होती.

स्टेडियममध्ये बायकांसाठी सोय नव्हती. पप्पा मला हाफटाइमला समोरच्या एका घरी नेत, तिथल्या आजी दार उघडून देत. त्या दिवशी हाफटाइमला मी नको म्हटलं होतं. शाळेत बाईंनी शिकवलं होतं, लागली की करंगळी दाखवायची, ओरडायचं नाही. मी करंगळी दाखवली. पप्पांची माझ्याकडे पाठ. ते पळाले तशी मी बॅगेवरून उठून रेषेबाहेरून त्यांच्या मागे गेले, करंगळी वरच. शेवटी धीर सुटला आणि मी जोरात हाक मारली, “पप्पा.”

पप्पांनी मागं वळून बघितलं आणि ‘थांब जरा’ म्हणून हात वर केला. त्याच हातात झेंडा होता.

तेवढ्यात पलीकडे बॉल जाळीत गेला. पायऱ्या उठल्या. आणि शिट्टी वाजली. रेफरीचं बोट पप्पांच्या झेंड्याकडे होतं: ऑफसाइड, गोल नाही.

पप्पांनी आधी स्वतःच्या हाताकडे बघितलं. मग सवयीनं झेंडा खाली आणून आडवा धरला. ऑफसाइड मैदानाच्या मधल्या पट्ट्यात झाला, अशी ती खूण. हात वर गेला तो अपघात होता. आडवा झाला तो त्यांनी केला. हा फरक मला पुढे खूप वर्षांनी कळला.

टायब्रेकरमध्ये आम्ही हरलो. गोल मारणारा तरुण माणूस मैदानात मधोमध बसून राहिला होता. आता त्याच माणसाच्या रिक्षाच्या पाठीवर ९ होता. महिन्याभरात आम्ही साताऱ्याला गेलो. बदलीचा कागद फायनलच्या आधीच आला होता, पण बाकावर सांगितलं जायचं की लाइनमन तोंड लपवून पळाला.

त्या दिवसाबद्दल पप्पा आणि मी कधी बोललो नाही. त्या हाकेनंतर मी अबोल झाले असं लिहायला मला आवडलं असतं. पण मी त्याआधीही अशीच होते.

मग एका रविवारी फ्लेक्सचा विषय निघाला. पत्र्यांवर एक मोठा फ्लेक्स लावायचा असं तिघांनी ठरवलं. वर ‘आपलं मैदान’, खाली जुने फोटो, आणि शेवटी त्या फायनलचा स्कोअर, गोल मारणाऱ्यांसकट. मजकूर अण्णा लिहीत होते.

“सांगली दोन लिव्हा,” रिक्षावाले काका म्हणाले.

“एक.”

“दुसरा मी मारला की.”

“मारलास. पण दिला न्हाई.” अण्णांनी पेन वर केलं. “जे झालं ते लिहायचं.”

“हां, ऑर्डर म्हंजे ऑर्डर,” फौजी काका म्हणाले. “खाली बारीक अक्षरात लिव्हू, ‘ऑफसाइड’.”

तिघंही हसले. रिक्षावाले काका सगळ्यात शेवटी थांबले. मग म्हणाले, “तीन सालं राखीव बसलो. फायनलला उतरवलं, मारला. पुढच्या साली गुडघा गेला. आता नातू इचारतोय, आजोबा तुमी गोल किती मारले? काय सांगू? आख्ख्या जन्मात माझ्या नावावर एक बी न्हाई.” ते पत्र्यांकडे बघत होते. “आन आता मारायचा म्हटलं तर जागा बी न्हाई.”

अण्णांनी वहीचं पान उगीचच सरळ केलं.

“लाइनमनला माझ्यासमोर ‘गोल होता’ म्हणू दे, मी दोन लिहितो,” ते म्हणाले. “पुढच्या सोमवारी छापायला देणार हाय. तवर शोधा त्याला.”

“त्यो कुठं हाय कुणाला ठावं.”

मला ठाऊक होतं. मी चहा अर्धा टाकून खोलीवर आले.

शनिवारी एसटीनं साताऱ्याला गेले. पप्पा अंगणात स्कूटर धूत होते. मी पायरीवर बसले आणि बसल्या बसल्या गाडा, बाक, पोती, मुंग्या सगळं सांगितलं. मुंग्यांपर्यंत ते हसत होते.

“मला शिव्या देतात का अजून?”

“नाही. चेष्टा करतात.”

“म्हणजे विसरले नाहीत.”

“पप्पा, तो गोल होता का?”

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं होतं. त्यांनी फडकं बादलीत पिळलं, पुन्हा बुडवलं, पुन्हा पिळलं.

“मला दिसलंच नाही,” ते म्हणाले. “मी तुझ्याकडे बघत होतो.”

मग मी न विचारता पप्पा पुढचंही बोलले. झेंडा लगेच खाली घेतला असता तर सगळ्यांनी विचारलं असतं, वर का केला. मग तुझं नाव निघालं असतं. सांगलीची माणसं, एकदा नाव ठेवलं की तुझ्या लग्नापर्यंत पोचवलं असतं. एवढं बोलून ते स्कूटरचा आरसा पुसायला लागले, जो आधीच स्वच्छ होता.

“त्यांच्या नावावर एकही गोल नाही,” मी म्हटलं.

“उद्या मी येतो. सरळ सांगतो, माझी चूक झाली, गोल होता. बास. तू शेजारी बस, पण तुझं काही काढायचं नाही.”

बसमध्ये कराडपर्यंत ते ओठांतल्या ओठांत हेच म्हणत होते. माझी चूक झाली, गोल होता. मला बरं वाटलं. वाक्य आधी जुळवून घ्यायची सवय मला कुणाकडून आली ते कळलं.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पप्पांना ओळखायला त्यांना एक क्षण लागला. मग रिक्षावाले काकाच आधी उठले.

“आवं, लाइनमन साहेब. या, या, हितं बसा.” त्यांनी बाक स्वतःच्या टॉवेलनं पुसला. “मावशे, एक पेशल. ही कोण, तुमची लेक? ही तर दर रविवारी येती हितं. आमाला वाटलं मुकी हाय.”

“पोरगी चार महिनं आमच्यात हेर म्हणून बसलीया,” फौजी काका म्हणाले.

पप्पा हसले. सगळं छान चाललं होतं. मुंग्यांची गोष्ट पुन्हा एकदा झाली, पप्पांना ती दुसऱ्या बाजूनं ठाऊक होती. म्हणाले, रेफरी एकदा विचारत होता, ह्या ओळीला एवढं काय होतंय. अण्णांनी आकाशाकडे बघून चहा संपवला आणि वही काढली.

“साहेब, एकच विचारायचं हाय. तो गोल.”

पप्पांनी घसा साफ केला. मी मनातल्या मनात त्यांचं वाक्य म्हणत होते. तेवढ्यात फौजी काकांना राहवलं नाही.

“आधी चष्म्याचा नंबर इचारा, अण्णा. तवा बहुतेक काचा घालायच्या राहिल्या होत्या.”

पप्पांची पाठ ताठ झाली. ही पाठ मला ओळखीची आहे. वीजबिल भरायला कुणी रांग मोडून पुढे आलं की अशीच होते.

“ऑफसाइडच होता,” पप्पा म्हणाले. “चांगला दोन फूट.”

पप्पांना आपण काय बोललो ते कळलं असावं, कारण ते चहात फुंकर घालत राहिले आणि चहा केव्हाच निवला होता. मला वाटलं, रिक्षावाले काका आता भांडतील. इतकी वर्षं ते याच भांडणाच्या तयारीत होते. पण ते नुसते मान हलवत राहिले.

“बरं. साहेब स्वतः म्हणत्यात म्हंजे आसंल,” ते म्हणाले. “लिव्हा अण्णा, एक.”

अण्णांनी पेनाचं टोपण काढलं.

शाळेनं आमच्याकडून या गोष्टीसाठी एक सभ्य इंग्रजी वाक्य पाठ करून घेतलं होतं. मी ते आठवलं, त्याचं मराठी करून बघितलं, आणखी एक सभ्य मराठी शोधलं. पप्पा माझ्याकडे बघून मान हलवत होते, नको म्हणून. अण्णांचं पेन कागदाला लागलं. मी उभी राहिले. चहावाल्या मावशींनी स्टोव्ह बारीक केला, का ते त्यांनाच ठाऊक, त्यामुळे माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा फार मोठा निघाला.

“काका, तो झेंडा तुमच्यासाठी नव्हताच. पप्पा मला थांब म्हणत होते. मला शू लागली होती.”