अक्काची झील

मी लिहिणाऱ्यांच्या घरातला नाही. आमच्या घरात शाई पहिल्यांदा लागली ती माझ्या बोटांना. तेव्हा कुठे शुद्धलेखन चुकलं, सांगण्याचा क्रम हुकला, तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. त्याची माफी मागतो. एवढीच मागतो. दुसरी एक माफी वर्षभर माझ्याकडे मागितली जाते आहे. ती मी का दिली नाही, ते सांगायचं आहे.

टोपलीपासून सांगतो.

अमरावतीच्या आमच्या कॉलेजचं स्नेहसंमेलन होतं. जानेवारीतली दुपार. रंगमंचामागे कनातीचा आडोसा करून कपडे बदलायला जागा केलेली. तिथे संमेलनाचा चिटणीस उभा होता. मोठ्या जमीनदाराचा मुलगा. बोलायला गोड. त्याच्या हातात जुनी टोपली, टोपलीत शिळ्या भाकरी. खुर्चीवर फाटकं लुगडं. आणि त्याच्यासमोर माझी मोठी बहीण. अक्का. अकोल्याहून सकाळच्या गाडीने आलेली. पांढरंशुभ्र पातळ नेसलेली.

"बाई, हे लुगडं नेसा," तो म्हणाला. "टोपली डोक्यावर घ्या. पडदा उघडला की 'भाकर वाढा वो माय' म्हणत या आणि मग ते दारावरचं गाणं म्हणा. अस्सल वाटलं पाहिजे."

अक्काने टोपलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"हे गानं यायले कोनं देल्लं?"

मी खाली पाहिलं. तिला कळलं.

मीच दिलं होतं.

आमचं गाव दर्यापूरकडचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी माय टोपली घेऊन मोठ्या घरांच्या दारांत जायची. मालकाच्या बैलांना, मुलांना, धान्याच्या कणगीला आशीर्वाद देणारं लांबलचक गाणं म्हणायची. गाणं संपलं की वरून भाकर टाकत. हात लागू नये म्हणून वरून. गाण्यात एखादं नाव राहिलं तर पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावत. मी तिच्या पदराला धरून उभा असे. मला वाटायचं, गाणं म्हणजे भाकर मागणं.

छप्पन साली आम्ही बौद्ध झालो. माय नागपूरहून परत आली आणि तिने पहिलं काम काय केलं, तर टोपली मोडून चुलीत घातली. त्या जाळावर चहा झाला. आम्ही सगळ्यांनी प्याला. माय म्हणाली, "गानं बी त्याच्यातच गेलं. आता कोनी म्हनाचं नाई." तिने पुन्हा कधी म्हटलं नाही. दोन वर्षांनी ती गेली.

आणि मी काय केलं? कॉलेजात मराठीचे प्राध्यापक म्हणाले, आपापल्या भागातली लोकगीतं लिहून आणा. मुलांनी आजीच्या ओव्या आणल्या. माझ्याजवळ काही नव्हतं. मला ते गाणं पाठ होतं. चांगल्या अक्षरात वहीत उतरवलं. सर वाचून म्हणाले, "वा!" कॉलेजात मला कोणी वा म्हणालं ते पहिल्यांदा. खाली एक ओळ भरायची होती, गीत कोणाकडून मिळाले. मी लिहिलं, 'गावातील एक स्त्री.'

माझी माय. गावातील एक स्त्री.

सरांनी विचारलं, हे म्हणणारं आहे का कोणी? मी म्हणालो, अकोल्याला अनसाबाई म्हणून गायिका आहे. बहीण आहे, असं म्हणालो नाही. वसतिगृहातल्या मुलांना माझी बहीण कापसाच्या जिनात कामाला आहे हे माहीत नव्हतं. मी ते कळू दिलं नव्हतं. अक्काला फक्त एवढंच सांगितलं, की कॉलेजात तुझं गाणं ठेवलं आहे. ती तीनदा म्हणाली, "कॉलेजात?"

आता अक्काच्या गाण्याविषयी.

लग्नानंतर ती अकोल्याला जिनात लागली. तिथे कापसातून सरकी वेगळी करणारे रेचे चालतात. शेजारचीच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. बाया काम करताना गातात. एकीने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी तिची शेपटी उचलून परत फेकायची. तिला झील म्हणतात. ओळ रेच्यांच्या वर गेली तरच झील येते. अक्काची जायची. पोटातून निघायची, गळ्यात फाटायची आणि फाटलेलीच वर चढायची. कापसाच्या धुळीने तिचा आवाज घोगरा, जाड झाला होता. पुरुषासारखा.

जयंतीच्या स्टेजवर ती पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा लाउडस्पीकरवाल्याने माइक मागे ओढला. म्हणाला, "फुटंन ना वो बाई!" लोक हसले. आमचेच लोक. म्हणाले, बाईमाणसाने असं मर्दावानी गाऊ नये. ती उभ्यानेच गायली, एका पायाने फळीवर ठेका धरून. तिसऱ्या गाण्याला हसणारे उठून पुढे येऊन बसले. जुन्या शहरातले उस्मानभाई तिथे ढोलकी वाजवायला आले होते. त्या दिवसापासून ते तिच्याबरोबर राहिले. मूर्तिजापूर, बडनेरा, दर्यापूर. लोक बैलगाड्या जुंपून यायचे. सुट्टीत मी झील द्यायला मागे बसायचो. एकदा मुंबईचा एक रेकॉर्डवाला आला. ऐकून म्हणाला, "आवाज साफ करून घ्या, मग बघू." अक्का म्हणाली, "साफ केला तं माहा कसा राहीन?" तो परत आला नाही. आठवडाभर जिन आणि रविवारी गाणं. तिचं गाणं ते एवढंच. खोकला तेव्हाच सुरू झाला होता.

तर ती कनातीची जागा. प्राध्यापक सरही आले. समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाई, ही कला आहे. यात कमीपणा कसला?"

अक्का म्हणाली, "कला हाये तं तुमच्या घरच्या बाईले नेसवा हे लुगडं."

सरांचं तोंड लाल झालं. चिटणीस माझ्याकडे वळला. "अरे, तू आणलंस ना यांना? सांग की जरा. कोण लागतात तुझ्या?"

आता बोलायचं होतं. एक शब्द. मी म्हणालो, "गावाकडच्या आहेत."

अक्काने पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही. उस्मानभाईंना म्हणाली, "चाला." आणि तशीच, पांढऱ्या पातळात, रंगमंचावर गेली. टोपली चिटणिसाच्या हातात राहिली.

बाहेर कोणीतरी सांगत होतं, "आता ऐकू या गावकुसाबाहेरचं अस्सल गाणं!" पडदा उघडला. अक्काने स्वतःचं जिनातलं गाणं धरलं.

"सरकी गेली सरकीवाटे, रुई गेली गाठीत गं
माहा जीव अडकला जिनाच्या या दातीत गं…"

दुसऱ्या ओळीला माइक बंद झाला. कोणी केला ते मी पाहिलं, पण ते राहू द्या. अक्काला माइक लागत नव्हता. रेच्यांपुढे तो मंडप काय! शेवटच्या बाकापर्यंत आवाज गेला. ओळ संपवून ती थांबली. झील येते तेवढी जागा तिने सोडली.

पण झील द्यायला कोणी नव्हतं. जिनाचा हंगाम होता, बायांना सुट्टी मिळाली नव्हती. ती आणि उस्मानभाई दोघंच आलेले. झिलेवाचून ते गाणं उभंच राहत नाही. हे तिला आणि मला, दोघांनाही ठाऊक होतं. जागा रिकामी गेली. कोणी शीळ घातली. मग पुढच्या रांगेतून, "भाकर वाढा वो माय!" मंडप हसला. टोपलीतली एक भाकर उडत आली आणि ढोलकीपाशी पडली. उस्मानभाईंनी ती उचलली, झटकली, बाजूला नीट ठेवली. भाकरीचा काय दोष? ठेका सोडला नाही.

अक्काने तीच ओळ पुन्हा म्हटली. पुन्हा जागा सोडली. पुन्हा हसू. माझ्या शेजारी उभा असलेला मुलगा मला कोपराने ढोसून म्हणाला, "काय बे, कुठून पकडून आणलीस ही?"

कनातीपासून तिच्यापर्यंत पाच पावलं होती. मला सगळं दिसत होतं. फी माफ होती ती. खोली. 'वा' म्हणणारे सर. आणि मायची टोपली चुलीत जळताना, तिच्यावरचा चहा.

तिसऱ्यांदा ओळ आली. मी गेलो. तिच्या मागे उभा राहिलो आणि झील दिली.

"जिनाच्या या दातीत गं!"

आवाज फाटला. सूर चुकला असेल. पुढची ओळ आली, पुढची दिली. मंडप गप्प झाला. टाळी पडली नाही. पुढच्या रांगा उठून गेल्या. गाणं संपलं तेव्हा मी म्हणालो, "ही माझी सख्खी बहीण आहे." ते किती लोकांना ऐकू गेलं माहीत नाही. पडदा खाली येत होता.

बडनेऱ्याला गाडीची वाट पाहत आम्ही तिघं बाकावर बसलो. अक्का खोकत होती. खोकला थांबल्यावर म्हणाली, "तिसऱ्या बारीले आलास."

मी म्हणालो, "अक्का, चुकलं."

"पयल्या बारीले याले पाह्यजे होतं."

उस्मानभाई म्हणाले, "जाने दे ना बाई, आया ना पोट्टा."

गाडी आली, अक्का चढली. तिने माफ केलं असं मी समजत नाही.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. संस्थेची शिस्त, पाहुण्यांचा अवमान. माफीचा मजकूर टाइप करून तयार होता. सही तेवढी हवी होती. मी म्हणालो, "माझी वही परत द्या." तिथेच बसलेले मराठीचे सर म्हणाले, ती आता संग्रहाची आहे. मी टाइप केलेला कागद घडी करून खिशात घातला आणि बाहेर आलो. फीची माफी गेली. खोली गेली. आता पहाटे भाजीबाजारात एका माळ्याकडे पाट्या उतरवतो, दुपारी अभ्यास करतो, परीक्षेला बाहेरून बसणार आहे. सही केली तर सगळं परत मिळेल असा निरोप दोनदा आला.

सही करणार नाही. मायचं गाणं मी इथेही लिहिलेलं नाही, कुठेच लिहिणार नाही. ते तिने जाळलं होतं, जळलेलंच राहील. वही परत मिळेपर्यंत दर महिन्याला मागत राहीन. आणि त्या माफीच्या कागदाच्या पाठीवर अक्काचं जिनातलं गाणं उतरवलं आहे. खाली लिहिलं आहे, अनसूया, माझी बहीण. गावातील एक स्त्री नव्हे.

एवढं लिहून झालं होतं. काल वसतिगृहातला एक मुलगा बाजारात मला शोधत आला. माझ्या नावाची एक तार आणि एक कार्ड तिथे तीन आठवडे पडून होती. मी आता तिथे राहत नाही हे उस्मानभाईंना माहीत नव्हतं. अक्काला काळजी नको म्हणून मी कळवलंच नव्हतं. कार्ड असं आहे.

"भाऊ, अनसाबाई मंगळवारी गेली. खोकला लई वाढला होता. आखरीले आवाज नव्हता, नुसते ओठ हालत. तुले तार केली होती, दोन दिवस तुही वाट पाह्यली, मंग नेलं. जिनातल्या बाया तिचंच गानं म्हनून राहिल्या. तिची ओळ कोनी म्हनत नाई. तेवढी जागा खाली सोडतात, मंग झील देतात. मुकादम म्हनते, बंद करा. त्या बंद करत नाई. उस्मान."

उद्या सकाळच्या गाडीने अकोल्याला जातो आहे. जिनाच्या फाटकाशी उभा राहीन. तिची ओळ मी म्हणणार नाही, ती तिची आहे. मी झील देणार. पहिल्या बारीला.