टॉवेलची बदकं

किनवटहून आईला केमोसाठी नांदेडला आणलं की आम्ही दवाखान्यासमोरच्या एका लॉजवर उतरायचो. तिथला रूमबॉय पन्नाशीचा होता. त्यानं गोव्यात समुद्रकाठच्या रिसॉर्टमध्ये बरीच वर्षं काढली होती. दारावर हलकी टकटक, छातीवर हात ठेवून नमस्कार, हे सगळं तिथलंच. आणि पलंगावर टॉवेल मुडपून केलेली दोन बदकं.

मला त्या बदकांचा राग यायचा. इथं कोण मजा मारायला आलंय? एकदा तसं बोललोही. तो शांतपणे म्हणाला, "तिथं लोक सुखाचे यायचे साहेब, हितं दुखाचे येऊन राहिले. पाव्हणा तर पाव्हणाच हाय ना."

आईला मात्र ती लई आवडायची. टॉवेल समोर असून ती तोंड पदरालाच पुसायची. "मोडू नको रे, त्यानं जीव लावून केलंय," म्हणायची.

शेवटच्या खेपेला आई दवाखान्यातच पहाटे गेली. उजाडल्यावर सामान न्यायला मी एकटाच लॉजवर आलो. तो जिन्यापाशी उभा होता. त्यानं माझ्या मागं एकदा पाहिलं. "जरा बसा साहेब," म्हणाला आणि चावी घेऊन घाईनं वर गेला. खाली येऊन एवढंच बोलला, "जावा आता."

पलंगावर दोन्ही टॉवेल साधी चौकोनी घडी करून ठेवले होते. एकावर बदकाच्या मानेची वळी अजून तशीच होती.