कुंकवाचा सायलेन्सर

कॉलेजात असताना मी बाबांच्या मोटारसायकलचा मूळ सायलेन्सर काढला आणि इंदूरहून आणलेला फटफट करणारा बसवला. बाबा एवढंच म्हणाले, "ही माझी गाडी नाही." रिटायर होईपर्यंत ते देवासच्या कारखान्यात सायकलने गेले. मलाही अकड होती, मीही कधी विषय काढला नाही.

यंदा गाडीला पंधरा वर्षं झाली. रजिस्ट्रेशन वाढवायचं तर आरटीओत तपासणी आली. मेकॅनिक म्हणाला, "भिया, ओरिजिनल सायलेन्सर लाओ, नहीं तो पास नहीं होगी." बाबांना जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते.

सायलेन्सर त्यांच्या ट्रंकेत सापडला. जुन्या धोतरात गुंडाळलेला, तेलाचा हात फिरवलेला, आणि त्यावर कुंकवाच्या बोटांचे थरावर थर. आमच्याकडे खंडेनवमीला पणजोबांची तलवार पुजतात. बाबा पहाटे पूजा उरकत, मी अंथरुणात असे. तलवारीशेजारी दरवर्षी ते हाही मांडत, हे आईने मला त्या दिवशी सांगितलं.

कुंकू पुसायला हात धजेना. तसाच बसवून घेतला. आरटीओपर्यंत जाताना सायलेन्सर तापला आणि कुंकू करपून तपकिरी झालं.

तपासणाऱ्याने वाकून पाहिलं. "सब ठीक है. बस ये जंग पोंछ दो, फोटो में दिखेगा."

तो गंज नाही, एवढं मला सांगता आलं असतं. मागे रांग होती. मी रुमाल काढला आणि स्वच्छ निघेपर्यंत घासलं.