उजव्या बाजूचा खिसा

माझा उजवा पाय पोलिओने लहानपणीच वाळला. चालताना मांडीवर हात दाबला नाही, तर गुडघा दगा देतो. तो हात लोकांच्या नजरेत येऊ नये म्हणून आई माझ्या प्रत्येक कुर्त्याला उजवीकडे खोल खिसा शिवायची. आमच्या महाल भागातल्या गल्ल्यांतून माझ्या मागे चालत बजावायची, "सरळ चाल वं, कोणाले समजलं नाही पाह्यजे."

गेल्या वर्षी अपंगत्वाच्या दाखल्यासाठी आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. दर महिन्याचं अनुदान हवं, तर दाखल्यावर किमान चाळीस टक्के अपंगत्व लागतं. त्या सकाळी आईने स्वतःच माझ्या कुर्त्याचा खिसा उसवला. म्हणाली, "आज चांगली लंगड. डॉक्टरले दिसू दे."

माझं डोकंच फिरलं. जन्मभर झाकायला शिकवलं आणि आता म्हणे दाखव!

डॉक्टरांनी दारापर्यंत चालायला सांगितलं. खोलीतले सगळे बघत होते. माझा हात मांडीकडे गेलाच नाही. दातओठ खाऊन मी चार पावलं सरळ टाकली.

"छान चालता की!" डॉक्टर म्हणाले आणि पायाला हातही न लावता त्यांनी छत्तीस टक्के लिहिले. पाय तपासायचा असतो की चाल, हे सरकारने एकदाचं ठरवावं.

बाहेर जिन्यातच गुडघा दुमडला. मी मांडी घट्ट धरली. खाली रांग उभी होती. आईने झटकन माझी ओढणी त्या हातावर ओढली आणि पुटपुटली, "झाक वं, लोक पाहून राहिले."